तिसऱ्या डब्यातला खलाशी

१

डबा तोच होता. झाकणावर पांढऱ्या रंगाने काढलेला तीनचा आकडा तोच, कडेचा गंजही तोच. आतली फिल्म मात्र दुसरीच निघाली.

"युद्धापासून जपलेलं रीळ माझ्या घरी एक दुपार राहिलं आणि गेलं," मेघना म्हणाली. "आता मी लोकांना काय तोंड दाखवू?"

मेघना चिटणीस माझी कॉलेजातली मैत्रीण. दादरला हिंदू कॉलनीत राहते, माहितीपट बनवते. मी अनुजा तांडेल. जहाजावरचा माल भिजला, जळाला किंवा वाटेतच नाहीसा झाला की विमा कंपन्या मला पाठवतात. माल खरंच बुडाला की बुडवला, एवढं शोधून सांगणं हा माझा धंदा. फिल्मच्या चोरीशी माझा काही संबंध नव्हता. पण मेघनाला पोलिसांकडे जायचं नव्हतं, आणि तिने फोनवर जे सांगितलं त्याने माझी उत्सुकता चाळवली होती.

गोष्ट अशी होती. दुसऱ्या महायुद्धात गिरगावचे दिनानाथ पाठारे नावाचे कॅमेरामन एका मालवाहू बोटीवर गेले होते. बोटीवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या खलाशांवर त्यांनी सरकारसाठी माहितीपट केला. नाव होतं 'आमचे खलाशी'. युद्धाच्या काळात तो गिरणगावात दाखवला गेला आणि मग विस्मरणात गेला. एकच प्रत उरली, ती पाठाऱ्यांच्या घरात, चार डब्यांत. पहिल्या दोन डब्यांत बोटीवरचं काम, चौथ्यात बंदर. तिसऱ्यात सगळ्यात गाजलेला भाग: टॉर्पेडोने बोट बुडाल्यावर जीवरक्षक होडीत तरंगत राहिलेले खलाशी.

"गुरुवारी दुपारी दिनानाथांचा नातू उन्मेष डबे घेऊन आला," मेघना सांगू लागली. "तेव्हा रविवारी हा माहितीपट लोकांना दाखवणारी मनाली आणि तिची आजी इथेच वाट बघत बसल्या होत्या. आजींचे वडील त्या होडीत आहेत म्हणे. उन्मेषने डबे सगळ्यांसमोर या टेबलावर ठेवले आणि घाईत निघून गेला. मी आजींसाठी तिसरा डबा उघडला. त्यांनी रिळावरून हात फिरवला, मी झाकण लावलं. संध्याकाळी फिल्म साफ करणारा हितेंद्र येऊन चारही डबे त्याच्या लॅबमध्ये घेऊन गेला. शुक्रवारी त्याचा फोन. तिसऱ्यात साबणाची जाहिरात आहे म्हणाला."

"तू डबा उघडलास तेव्हा आत काय होतं?"

"फिल्म होती. काळी, गुंडाळलेली. ती उलगडून बघायची माझी छाती झाली नाही. तुटली असती."

"मनाली एकटी होती का कधी डब्यांजवळ?"

"मी पाणी आणायला गेले तेव्हा. आजी होत्या सोबत." मेघना थांबली. "तिच्याजवळ मोठी पिशवी होती. मला असं बोलायला आवडत नाही, पण होती."

तेवढ्यात मला करपल्याचा वास आला. मी स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन पातेलं तळाला काळं पडलं होतं. मेघना माझ्यामागून आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"कोविडनंतर मला कसलाच वास येत नाही ग. डॉक्टर म्हणतात, आता येईल असं वाटत नाही."

मी गॅस बंद केला. त्या वेळी मला त्याच्यात काही विशेष वाटलं नाही.

"मग तुझा संशय कुणावर?" मी विचारलं.

"कुणावर असणार?" ती म्हणाली. "साबणाच्या जाहिरातींची रिळं मुंबईत आज एकाच माणसाकडे ढिगाने आहेत. हितेंद्रकडे."

२

हितेंद्र लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात जुन्या फिल्मा साफ करून त्या संगणकावर चढवून देतो. लॅब म्हणजे थंडगार केलेल्या दोन खोल्या. भिंतीला लागून लोखंडी रॅक, त्यांवर डबेच डबे.

"मला माहीतच होतं कुणीतरी येणार," तो म्हणाला. चाळिशीचा, सडपातळ, दोन दिवस झोपला नसावा असा दिसत होता. "मॅडम, हे बाहेर पडलं ना, तर माझ्याकडे पुन्हा कुणी एक फूट फिल्म देणार नाही. लोक विश्वासावर देतात."

त्याने मला तो साबणाचा डबा दाखवला. तो इतरांपासून दूर, बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवला होता. झाकण काढल्याबरोबर नाकात आंबट भपकारा शिरला.

"व्हिनेगर," हितेंद्र म्हणाला. "साठ-सत्तर सालातली फिल्म सडायला लागली की असा वास सुटतो. आणि हा रोग पसरतो. शेजारच्या डब्यातली चांगली फिल्मसुद्धा धरते. म्हणून असलं काही आलं की मी पहिल्यांदा वेगळं काढतो."

"आणि युद्धकाळातली फिल्म?"

"ती वेगळीच. नायट्रेटची. तिला हा वास येणार नाही, पण ती जास्त धोक्याची. गरम जागी ठेवली, ठिणगी लागली, तर भडकते. आणि एकदा पेटली की पाण्यानेसुद्धा विझत नाही." त्याने आतल्या खोलीकडे बोट केलं. "बाकीचे तीन डबे तिकडे, थंडीत. तिसरं रीळ जे गेलंय ते कुणी कुठे ठेवलंय, या विचारानेच मला झोप येत नाही. चोराला हे ठाऊक असेल का?"

हा माणूस खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलत होता. माझ्या धंद्यात तशी माणसं पुष्कळ भेटतात, म्हणून मी मत बनवायची घाई केली नाही. त्याच्या रॅकवर साबणाच्या जाहिराती खरंच होत्या.

"गुरुवारी डबे नेलेत तेव्हा लगेच उघडले नाहीत?"

"नाही. माझ्या गाडीत बर्फाच्या पेटीत आणले. थंड डबा लगेच उघडला तर आत दव धरतं. रात्रभर तसेच ठेवून सकाळी उघडले." त्याने डोळे चोळले. "म्हणजे माझ्या बाजूने बोलायला कुणी नाही. रात्रभर डबे माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे. मीच आहे मग, नाही का?"

३

उन्मेष पाठारे गिरगावात ठाकूरद्वारच्या मागच्या गल्लीत राहतो. लाकडी जिन्याची तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि तुळशीच्या कुंड्या. उन्मेष चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. मऊ बोलणारा, हात सतत कशात तरी गुंतलेले.

"आजोबांचं एवढं काम, आणि असं व्हावं," तो म्हणाला. "मेघनाबाईंनी माणूस पारखून घ्यायला हवा होता."

"हितेंद्र?"

"मी कुणाचं नाव घेत नाही."

दिवाणाच्या वर भिंतीवर मोठा फोटो लावला होता. मी उठून जवळ गेले. तिसऱ्या रिळातलंच ते चित्र होतं. उघड्या समुद्रात होडी. आत दाटीवाटीने बसलेले खलाशी. एकजण उभा राहून सदरा हलवतोय. चेहऱ्यांवर असं काही की नजर हलत नव्हती.

"अटलांटिकमधलं आहे," उन्मेष मागून म्हणाला. "बोट बुडाल्यावर आजोबा दुसऱ्या होडीत होते. कॅमेरा छातीशी धरून. तिथून घेतलंय हे. आमच्या कोपऱ्यावरच्या चौकाला त्यांचं नाव द्यायचं चाललंय. मंजुरी आली आहे जवळजवळ. पाटीवर हेच लिहायचंय, की टॉर्पेडोच्या तोंडी उभं राहून चित्रण करणारे."

"सुंदर आहे," मी म्हणाले, आणि ते मनापासून होतं. "ही रेघ कसली?"

फोटोच्या उजव्या कडेला एक बारीक काळी रेघ होती. पाण्यातून वर आलेली, जराशी तिरकी.

"निगेटिव्हवरचा ओरखडा. जुनं आहे ना."

मी मोबाइलवर फोटोचा फोटो काढून घेतला. उन्मेषने टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा खाली ठेवली.

"डबे तुमच्याकडे कुठे असायचे?"

"खाली तळमजल्यावर आमची कोठीची खोली आहे. गार असते. लोखंडी पेटीत. मी कधी उघडले नाहीत. नाजूक वस्तू."

"मग मनालीच्या आजींचे वडील तिसऱ्या डब्यात आहेत, हे कसं ठरलं?"

"ते त्यांच्याच घरातलं ऐकलेलं. लालबागला तेव्हा कुणी शेजाऱ्याने हा सिनेमा पाहिला आणि सांगितलं, गुणाजी पडद्यावर होडीत दिसतो म्हणून. मला मनालीने सांगितलं. मी म्हटलं, मग दाखवू की आजींना." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "शब्द दिला होता मी."

निघताना जिन्यात मी थांबले. शब्द दिला होता, असं म्हणताना त्या माणसाचा आवाज बदलला होता. रीळ चोरीला गेलेल्या माणसाला राग यायला हवा. याला लाज वाटत होती.

४

मीराबाई मुणगेकरांची चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, त्यालाही आता काही वर्षं झाली. करी रोडच्या पुलाजवळच्या त्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर मीराबाई नातीबरोबर राहतात. मनाली बँकेत नोकरी करते. रविवारी परळच्या हॉलमध्ये खलाशांच्या नातेवाइकांसाठी माहितीपट दाखवायचा, ही कल्पना तिचीच.

मीराबाई ऐंशी ओलांडलेल्या, पण ताठ बसणाऱ्या. "एका डोळ्यान बरा दिसता माका," त्या म्हणाल्या. "बस गो बाय. पंखो लाव, मनाली."

त्यांचे वडील गुणाजी तारी देवगडचे. कार्यक्रमाचं ठरलं तेव्हापासून घरात तोच विषय होता. वडिलांचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता.

"मी बेचाळीसच्या दिवाळेत झालंय," मीराबाई सांगत होत्या. "बापूस तेच्या आदीच बोटीर गेल्लो. पुढल्या पावसात तार इली, बोट बुडाली म्हणान. आवस मुंबयत व्हती, लालबागात. माका घेवन गावाक इली ती ताप घेवनच. आठ दिसांत गेली. बोलाक पण झाला नाय तिका. माका आतेन वाढवल्यान. आते म्हणायची, बापाशीन तुझा तोंड बघूक नाय."

जन्माआधीच बोटीवर गेलेले वडील, तापात गेलेली आई, हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. इतक्या वेळा सांगितलेलं असावं की त्यातलं टोचणारं झिजून गेलं होतं.

"आणि तुम्हाला वडील कसे आठवतात? म्हणजे मनात कसे येतात?"

"पाण्यात," त्या म्हणाल्या. "दुसरा काय येतला?"

मी मनालीकडे वळले. गुरुवारी मेघना पाणी आणायला गेली तेव्हा काय झालं, असं विचारलं. तिने मान खाली घातली.

"काही नाही झालं, ताई."

"मनाली, हितेंद्रचा धंदा बुडेल यात."

तिने आजीकडे पाहिलं. मग मीराबाईच म्हणाल्या, "सांग गो तिका. मीच सांगितलंय तुका."

मनाली उठली आणि आतल्या खोलीत गेली. येताना तिच्या हातात देवघरातली पितळी डबी होती.

"आजीला वडिलांचं काहीतरी जवळ ठेवायचं होतं. मी रिळाच्या टोकाचा एक तुकडा तोडला. बोटाएवढाच. मला वाटलं, सुरुवातीचा भाग असतो, त्यात काही नसतं. ताई, त्याने काही बिघडलं का?"

मी डबी उघडली. हळदकुंकू वाहिलेला फिल्मचा तुकडा. झाकण निघताच ओळखीचा आंबट वास आला.

"तेव्हापण असोच इल्लो," मीराबाई म्हणाल्या. "डबो उघडल्यान आणि लोणच्यासारखो वास. माका वाटलेला, दर्याचो वास आसतलो."

मी तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. आत एक बाई होती. तिच्या हातात साबणाची वडी होती.

५

आजी ते समजायच्या आत मी तुकडा परत डबीत ठेवला. मनालीला बाहेर गॅलरीत नेऊन सांगितलं. तिला आधी काही कळेना.

"म्हणजे आम्ही तुकडा तोडला तेव्हाच आत साबण होता?"

"हो. हितेंद्रने डबे नेण्याच्या आधी. मेघनाच्या टेबलावर ते आल्याबरोबर."

मी तिला उलगडून सांगितलं: मेघनाला वास येत नाही, म्हणून झाकण काढूनही तिला कळलं नाही. तुम्हाला आला, पण जुन्या फिल्मचा वास कसा असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. हितेंद्र असता तर त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं. आणि त्याला रीळ बदलायचंच असतं तर सडकी फिल्म त्याने रात्रभर बाकीच्या चांगल्या डब्यांना लावून ठेवली नसती. डबे उन्मेषने आणले, तुम्हा तिघींसमोर ठेवले आणि तुम्ही लगेच उघडले. मधे कुणाला वेळच मिळाला नाही.

"उन्मेषकाकांनी?" मनाली म्हणाली. "पण ते रीळ त्यांचंच आहे. स्वतःच्या घरातली वस्तू कोण चोरेल?"

तेच मलाही कळत नव्हतं. माणूस स्वतःचाच माल बुडवतो तेव्हा एकतर विमा असतो, किंवा मालात काहीतरी लपवायचं असतं. इथे विमा नव्हता.

करी रोडहून मी घरी, माहीमला गेले. मी कोळीवाड्यात वाढले. अजून तिथेच राहते. दुपार कलली होती, ओहोटी लागली होती. किनाऱ्याच्या भिंतीवर बसून मी मोबाइलवर तो फोटो मोठा करून पाहिला. होडी, माणसं, सदरा हलवणारा. मग कडेची ती रेघ. रेघ पाण्याला टेकत होती तिथे मी आणखी मोठं केलं. खाली पाण्यात तिची वाकडीतिकडी, थरथरणारी दुसरी रेघ होती.

ओरखड्याचं प्रतिबिंब पाण्यात पडत नाही.

मी मान वर केली. समोर, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्यातून जरासा तिरका वर आलेला खुंट उभा होता. त्याच्यापुढे आणखी एक. डोल जाळं बांधायला आमचे लोक असे खुंट पाण्यात ठोकतात, माझ्या आजोबांनीही ठोकले होते. असा खुंट उथळ पाण्यात उभा राहतो, जिथून माणूस ओरडला तर किनाऱ्यावर ऐकू येतं. अटलांटिकच्या मधोमध तो कोण ठोकणार?

मी तशीच उठले आणि गिरगावची टॅक्सी पकडली. हितेंद्रचे शब्द आता डोक्यात बसले होते. रीळ गेलं होतं ते गारव्यातल्या लोखंडी पेटीतून. आता ते कुठे होतं?

६

उन्मेषने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहूनच तो बाजूला झाला. घरात तो एकटाच होता.

"तुम्ही डबे कधी उघडले नाहीत म्हणालात," मी म्हणाले. "पण आजींना शब्द दिल्यावर तिसरा उघडलात. त्यात तुम्हाला किनारा दिसला, माहीमचाच असावा."

तो दिवाणावर बसला. फोटो त्याच्या डोक्यावरच होता. त्याने वर पाहिलं नाही.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या भिंतीनेच. ती रेघ खुंटाची आहे. होडी अटलांटिकमध्ये नव्हती. हे सगळं इथे, मुंबईतच घेतलं."

"चौकाची मंजुरी येत आली होती हो," तो म्हणाला. "लहानपणापासून हीच गोष्ट सांगत आलो. शाळेतल्या मुलांना सांगितली. आणि मग फिल्म उजेडासमोर धरून भिंगातून बघतो तर काय, दोन दृश्यांच्या मधे माणसं हसतायत, किनाऱ्यावर बायका उभ्या आहेत, मागे झाडं. काटछाट केलेली प्रत नव्हतीच ती. सगळं कच्चं चित्रण. लोक म्हणाले असते, पाठारे लबाड होता."

"साबणाची जाहिरात त्यांचीच?"

"पुढे त्यांनी जाहिराती केल्या. एक रीळ पडून होतं." त्याचा आवाज खाली आला. "हितेंद्रवर येईल असं मनात नव्हतं. वाटलं, म्हणतील जुन्या डब्यात चुकून दुसरंच निघालं. मग तुम्ही आलात आणि मी गप्प राहिलो. ते वाईट केलं."

"रीळ कुठे आहे?"

"आहे. जाळणार होतो, हात धजला नाही."

"कुठे आहे, उन्मेष?"

त्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. ओट्याच्या वर देवाची फळी होती. फळीवर समई तेवत होती, आणि तिच्या बरोबर वर, लाकडी माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल ठेवलेलं होतं. कागदाचं एक टोक खाली लोंबत होतं.

मला जिना आठवला. सगळा लाकडाचा. गॅलरीतले कपडे, खालच्या मजल्यावर अभ्यास करत बसलेली पोरं. मी पुढे झाले, ज्योत चिमटीने विझवली, विजेची मुख्य कळ बंद करून गॅस तपासला. मग उन्मेषला सांगितलं, ती फिल्म कशाची असते ते.

तो भिंतीला टेकला.

"रोज दिवा लावतो मी," तो म्हणाला. "रोज सकाळ-संध्याकाळ."

मी फोन केल्यावर हितेंद्र बर्फाची पेटी घेऊन आला. उन्मेषने त्याला दारातच काहीतरी म्हणायला सुरुवात केली, हितेंद्र म्हणाला, "नंतर बोलू, आधी स्टूल द्या." त्याने रीळ दोन्ही हातांनी अलगद खाली उतरवलं. बाहेरचे वेढे चिकट झाले होते. हितेंद्रने वास घेतला, बोटाने कड चाचपली.

"आतलं वाचलंय," तो म्हणाला. पेटीचं झाकण लावल्यावर तो तिथेच पेटीवर बसला. मग उन्मेषकडे बघून म्हणाला, "बोला आता."

ते दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी गॅलरीत गेले होते. पण आत आले तेव्हा उन्मेष सांगत होता, "आजोबा जाण्याआधी एकच म्हणायचे, होडी खोटी, माणसं खरी. आम्हाला वाटायचं, वयामुळे काहीतरी बोलतात. म्हणजे काय ते आत्ता कळतंय. होडीतला प्रत्येक माणूस त्याआधी खरोखर बुडून वाचलेला होता, रिळात त्यांच्या हातातल्या पाट्यांवर तसं लिहिलंय. अशीच माणसं शोधून त्यांनी गोळा केली होती."

मी जागच्या जागी थांबले.

"प्रत्येक माणूस?" मी विचारलं. "गुणाजीसुद्धा?"

७

रविवारचा कार्यक्रम पुढच्या रविवारी झाला. परळचा हॉल भरला होता. उन्मेषने स्वतः उभं राहून सगळं सांगितलं: होडीचं दृश्य माहीमला घेतलं, रीळ आपण लपवलं, हितेंद्रचा त्यात काही दोष नाही. बोलताना तो दोनदा अडखळला. लोकांनी ऐकून घेतलं. चौकाच्या पाटीवरचा मजकूर बदलावा असा अर्ज त्याने केला आहे. पाटी अजून लागलेली नाही, आणि लागेल की नाही ते कुणाला माहीत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या दोन दिवस आधीचं, हितेंद्रच्या लॅबमधलं. मीराबाईंना गर्दीच्या आधी एकटीने बघू द्यावं, असं मनालीने सुचवलं. आम्ही सगळे मागे उभे राहिलो. त्यांची खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ लावली.

आधी होडी आली. तो सदरा हलवणारा, ती टक लावणारी माणसं. मग चित्र हललं, कुणीतरी थांबा म्हटलं असावं, आणि माणसं एकदम सैल झाली. होडी वल्हवत किनाऱ्याला लागली. मग एकेकजण कॅमेऱ्यासमोर उभा राहू लागला, हातात खडूने लिहिलेली पाटी धरून. पाटीवर नाव, बोट बुडाली ते साल, खाली चित्रणाची तारीख. फेब्रुवारी त्रेचाळीस.

पाचवा की सहावा माणूस उंच, कानांवर केस आलेला. पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं: गुणाजी तारी, १९४२.

मीराबाई पुढे झुकल्या.

त्यांचे वडील बेचाळीसमध्ये एकदा बुडाले होते आणि वाचून मुंबईला परतले होते. पुन्हा बोटीवर चढले, ते त्यानंतर. सांगायला आई उरली नव्हती, म्हणून गावी आतेला यातलं काही कळलंच नव्हतं.

गुणाजीने पाटी दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो कॅमेऱ्याच्या बाहेर कुणाकडे तरी बघून हसला. कॅमेरा त्याच्यामागे फिरला. वाळूत नऊवारीतली एक बाई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर तान्हं मूल. कुणीतरी गुणाजीच्या हातात चहाची बशी दिली. तो बाईशेजारी बसला. बशीवर फुंकर घातली. मग करंगळी चहात बुडवून त्याने बाळाच्या ओठाला लावली. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. बाईने त्याच्या दंडावर चापट मारली, आणि तो इतका हसला की बशीतला चहा सांडला.

तिथे चित्र संपलं.

मनाली रडत होती. मेघनाने तिचा खांदा धरला. मीराबाईंचे डोळे कोरडे होते. त्या मागे वळून माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मला बोलणं भाग पडलं.

"आजी, मी खोटं सांगणार नाही. माणूस तुमचा बापूसच आहे, ते पाटीवर आहे. पण ती बाई आणि ते बाळ कोण, हे कुठे लिहिलेलं नाही. महिना जुळतो, बाळाचं वय जुळतं. माझ्या अहवालात मी फार तर 'शक्यता आहे' एवढंच लिहीन."

"लिव की," मीराबाई म्हणाल्या. "ता तुझ्या कामाचा. पयली चाय माका कोणी पाजल्यान, ता माका कळला."

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि हितेंद्रला म्हणाल्या, "परत लाव रे पोरा. बशी हातात घेता ना, थयसून लाव."